आधी दोरी ऐकू येते

संध्याकाळच्या वेळी शीळफाट्यावर उभं राहिलं, तर शेजारच्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही. मुंब्र्याकडून येणारे ट्रक, कल्याणकडून येणाऱ्या गाड्या, महापे आणि पनवेलकडे वळण्यासाठी वाजणारे भोंगे. अशा जागेचं नाव घेऊन हरणाच्या कानाविषयी बोलायचं म्हणजे जरा विचित्रच वाटेल. पण आजचा विषय तोच आहे. धनुष्यातून बाण सुटतो तेव्हा हरीण काय करतं आणि ते ठाऊक असलेल्या माणसानं किती अंतरावरून बाण सोडावा, किंवा सोडूच नये, हा तो विषय. वरवर पाहता हा शिकाऱ्यांचा प्रश्न. पण त्याचा इतिहास आपल्या दारातून जातो, आणि त्यात माझा स्वतःचा एक जुना हिशेब चुकता करायचा राहिला आहे.

माझं आजोळ या फाट्याच्या पूर्वेला, मलंगगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात. तेव्हा शीळला एस.टी.तून उतरून पुढे बरंच चालावं लागे. गोष्ट १९६५ सालची. मी अकरा वर्षांचा. आजोबांच्या शेतावर कामाला येणारे एक म्हातारे कातकरी होते. सगळे त्यांना 'आजा' म्हणत. वयानं माझ्या आजोबांच्या बरोबरीचे, पण आम्ही पोरंसुद्धा त्यांना अरे-तुरे करत असू. तेव्हाची रीतच तशी होती, आणि ती चांगली नव्हती. त्यांच्याकडे बांबूचं धनुष्य होतं, वाखाची पिळदार दोरी होती आणि लोखंडी पात्याचे चार-पाच तीर होते.

भातकापणीनंतर शेतात वाल पेरलेला होता. पहाटे रानातून एक भेकर वाल खायला येई. भेकर म्हणजे आपल्याकडचं लहानसं, तांबूस रंगाचं, कुत्र्यासारखं ओरडणारं हरीण. एका पहाटे आजा मला घेऊन बांधाच्या आडोशाला बसले. उजाडता उजाडता भेकर आलं. आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर ते आडवं उभं राहिलं. आजांनी दोरी कानापर्यंत ओढली. मी श्वास रोखून धरला. आता सुटेल, मग सुटेल, असं वाटत असतानाच त्यांनी दोरी हळूहळू सैल केली आणि धनुष्य मांडीवर ठेवलं. भेकर आणखी थोडा वाल खाऊन निघून गेलं.

"आजा, सोडला का नाहीस?" मी विचारलं.

"कान हिकडं होता त्याचा, बाला."

"पण नेम होता ना?"

"नेम होता. भेकर नसतं राह्यलं तिथं."

मला यातलं काहीही कळलं नाही. मी घरी आलो आणि ओटीवर बसलेल्या चार माणसांत सांगून टाकलं, की आजाला नेम मारता येत नाही, तो घाबरला. सगळे हसले. पुढे बरेच दिवस आजांना त्यावरून चिडवणं चालू होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या एका वाक्याचा अर्थ मला कळायला पुढे दहा वर्षं लागली, आणि तोवर ते राहिले नव्हते.

तो अर्थ साध्या गणिताने सांगता येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बांबूच्या साध्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो. म्हणजे बाणापेक्षा आवाज सहा-सात पट वेगवान. दोरी सुटली की तिचा टणत्कार आधी पोहोचतो आणि बाण मागाहून येतो. हरणाला बाणाची वर्दी बाणाच्या आधीच मिळते. शीळ म्हटलं की आपल्याला ओठांनी घातलेली शीळ आठवते. उडत्या बाणालाही अशीच बारीक शीळ असते, आणि तीही बाणाच्या पुढे धावते.

आता ते भेकर वीस मीटरवर होतं असं धरू. दोरीचा आवाज त्याच्यापाशी सेकंदाच्या सहा शतांशात पोहोचला असता. बाणाला मात्र चाळीस शतांश लागले असते. मधली चौतीस शतांश सेकंदांची फट ही हरणाची. आवाज कानावर पडल्यापासून अंग हलायला लागेपर्यंत साधारण पंधरा शतांश गेले असं मानलं, तरी जवळजवळ एक पंचमांश सेकंद त्याच्या हातात उरतो. तेवढ्या वेळात कोणतीही वस्तू आपल्या भारानं सुमारे वीस सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे वीतभर.

इथं खाली पडण्याचा हिशेब का केला, असं कुणी विचारील. कारण दचकलेलं हरीण पहिल्यांदा पळत नाही, ते खाली बसतं. आपल्याला उंच उडी मारायची असली तर आपण आधी गुडघे वाकवतो. हरीणही तेच करतं. पुढचे-मागचे पाय एकदम दुमडून अंग खाली घेतं आणि मग स्प्रिंगसारखं उसळतं. बाण पाहून त्यानं तो चुकवला असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात बाण त्याला दिसलेलाच नसतो. ते फक्त उडीची तयारी करत असतं, आणि त्या तयारीतच त्याची छाती वीतभर खाली गेलेली असते. भेकराची छाती ती केवढी? वीतभर हुकलेला बाण एक तर पाठीवरून निघून जातो, नाही तर पाठीच्या मांसात रुततो.

हेच गणित दहा मीटरला करून पाहा. आवाज तीन शतांशात, बाण वीस शतांशात. मधली फट सतरा शतांशांची, आणि त्यातले पंधरा दचकण्यातच संपतात. हरणाला हलायला वेळच उरत नाही. उलट चाळीस मीटरला गेलात, तर फट अडुसष्ट शतांशांची होते. तेवढ्यात हरीण खाली बसून, उसळून, दिशा बदलून मोकळं झालेलं असतं. तेरा पावलांवर जो बाण बरोबर लागतो, तोच सत्तावीस पावलांवर प्राण्याला जखमी करतो. धनुर्धराचा हात तोच, नेम तोच. मधे आलेलं असतं ते अंतर.

बाणाने प्राणी मरतो कसा, तेही ध्यानात घेतलं पाहिजे. बाणात बंदुकीच्या गोळीसारखा धक्का नसतो. त्याच्या धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि रक्त जाऊन प्राणी कोसळतो. पुढच्या पायाच्या लगेच मागे, हृदय आणि फुफ्फुसं असतात त्या जागी बाण लागला, तर काही सेकंदांत सगळं संपतं. तोच वीतभर मागे, पोटात लागला तर प्राणी तासन्‌तास जगतो आणि रानात कुठेतरी तडफडून मरतो. म्हणून जाणता धनुर्धर प्राणी सावध असताना बाण सोडत नाही. मान खाली घालून चरत असलेलं, कान आपल्याकडे नसलेलं, अंग आडवं असलेलं जनावर, वारा त्याच्याकडून आपल्याकडे, आणि अंतर मोजक्या पावलांचं, एवढं सगळं जुळलं तरच. सावध हरणाचे स्नायू आधीच ताणलेले असतात. त्याला दचकायला पंधरा शतांशही लागत नाहीत. "कान हिकडं होता त्याचा" या चार शब्दांत आजांनी हे सगळं सांगून टाकलं होतं.

त्यांना हे कुणी शिकवलं होतं? त्याचं उत्तर द्यायचं तर फार मागे जावं लागतं. खाडीच्या पलीकडे साष्टी बेटावर, कांदिवलीच्या परिसरात, १९३०च्या दशकात टॉड नावाच्या अधिकाऱ्याला अश्मयुगीन हत्यारं सापडली. त्यांत नखाएवढी दगडी पातीही होती. पुरातत्त्वज्ञ त्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. अशी पाती लाकडाच्या खाचेत डिंकाने बसवून बाण आणि भाले केले जात, असं मानलं जातं. मध्य प्रदेशात भीमबेटकाची चित्रगुहा १९५७ साली जगापुढे आणली ती विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी माणसानं. २००३ साली ती जागतिक वारसा ठरली. तिथल्या भिंतींवर धनुष्य ओढून धरलेली माणसं आहेत आणि हरणं आहेत. शेतीच्या आणि लिपीच्याही आधीपासून माणूस हरणाच्या कानाचा अभ्यास करत आला आहे. चुकला तो उपाशी राहिला. हीच त्याची शाळा.

लेखी पुरावाही कमी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. जुगार वाईट की मृगया वाईट, असा वाद तिथे घातला आहे. मृगयेच्या बाजूनं कौटिल्य जी कारणं देतो त्यांत व्यायाम आहे, स्थिर आणि चालत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव आहे, आणि आणखी एक कारण आहे: रागात आणि भीतीत प्राण्याचं मन कसं चालतं ते कळतं. धनुर्विद्येच्या कौशल्याइतकंच प्राण्याच्या मनाचं ज्ञान त्याला मोलाचं वाटलं. आणि याच ग्रंथात अभयवनातल्या, म्हणजे राखीव रानातल्या, हरणाला मारणाऱ्याला दंडही सांगितला आहे.

मला आजांचं बोलणं उलगडलं ते कॉलेजात शाकुंतल वाचताना. पहिल्याच अंकात दुष्यंत रथातून एका हरणाचा पाठलाग करतो. कालिदासानं त्या पळत्या हरणाचं जे वर्णन केलं आहे त्यात एक बारीक निरीक्षण आहे. ते हरीण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे रथाकडे पाहतं, आणि बाण पडेल या भीतीनं शरीराचा मागचा भाग पुढच्या भागात ओढून घेतं. वर्गात शिक्षक उपमा-अलंकार समजावून देत होते. मला मात्र डोळ्यांपुढे वालाचं शेत दिसलं. भ्यालेलं हरीण अंग आवळून घेतं, हे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नीट पाहून ठेवलं होतं. तिथेही बाण सुटत नाहीच. तपस्वी मधे येतो आणि राजाला सांगतो, की तुझं शस्त्र दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे, निरपराध्यावर चालवायला नाही. राजा बाण उतरवतो, आणि त्याला कुणी हसत नाही. राजानं बाण उतरवला की ती उदारता होते. आजांनी उतरवला तेव्हा मी त्याला भित्रेपणा म्हटलं होतं.

आपल्या पुराणकथांत तर शिकारीच्या चुकीतून मोठमोठे अनर्थ घडले आहेत. दशरथाला आवाजावर बाण मारण्याची विद्या येत होती. रात्री शरयूच्या काठी पाण्यात घडा बुडल्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून त्यानं बाण सोडला आणि श्रावणबाळाचा प्राण गेला. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात रंगवलेल्या श्यामजातकाची कथाही याच जातीची आहे. आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेला मुलगा तिथेही शिकारी राजाच्या बाणाला बळी पडतो. श्रीकृष्णाचा शेवट झाला तो जरा नावाच्या पारध्याला तो हरीण वाटला म्हणून. आणि पांडूला शाप मिळाला तो हरणाच्या रूपात असलेल्या किंदम ऋषीला बाण मारल्यामुळे.

या किंदमाचा युक्तिवाद फार मोलाचा आहे. पांडू म्हणतो, राजे हरणं मारतातच, त्यात माझं काय चुकलं? त्यावर किंदम त्याला हरीण मारल्याचा दोष देत नाही. त्याचा आक्षेप एवढाच, की मी मैथुनात असताना तू मारलंस, थांबायला हवं होतंस. म्हणजे मारणं आणि न मारणं यांच्या मधेही नीतीची एक जागा आहे, हे महाभारताला मान्य आहे. दिसत नसताना मारू नये, ओळख पटली नसताना मारू नये, वेळ योग्य नसताना मारू नये. यात आजांचं चौथं कलम घालता येईल: अंतर योग्य नसताना मारू नये.

या सगळ्यापलीकडे जाऊन शिकारच सोडून देणारा राजा आपल्या परिसराला दगडावर लिहून भेटला आहे. उत्तरेला वसईच्या पलीकडे सोपारा. एके काळी भरभराटीचं बंदर. जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, २०१४पासून पालघर जिल्ह्यातलं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. अशोकाचे मुख्य शिलालेख चौदा. त्यांतल्या कोणत्याचा तुकडा मिळावा? आठव्याचा. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, तिथे मृगया आणि तशाच करमणुकी चालत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा या आठव्या लेखाचा आशय आहे. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडाही याच भागात मिळाला. पण उत्तर कोकणात अशोकाचा पहिला आवाज ऐकू आला तो शिकार सोडल्याचा, ही गोष्ट मला नेहमी विशेष वाटते.

पहिल्या शिलालेखात तर अशोक स्वयंपाकघराचा हिशेबच देतो. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण. तेही हरीण नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. इतका प्रामाणिक राजा विरळा. पण याच अशोकाच्या तेराव्या लेखात, कलिंगाच्या पश्चात्तापानंतर, रानात राहणाऱ्या लोकांना उद्देशून एक इशाराही आहे. राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात शक्ती आहे, हे त्यांनी विसरू नये. राजानं शिकार सोडली तेव्हा त्याची करमणूक गेली. रानातल्या माणसानं सोडली तर त्याचं जेवण जातं. हा फरक तेव्हाही होता.

धनुष्याची ही नीती मोडली ती बंदुकीने. रायफलची गोळी सेकंदाला सात-आठशे मीटर जाते, म्हणजे आवाजाच्या दुप्पट. बाणाच्या बाबतीत हरणाला आधी आवाज येतो. गोळीच्या बाबतीत हरीण आधी पडतं, आवाज नंतर पोहोचतो. हरणाच्या कानाला त्या हिशेबात जागाच उरली नाही. शिकाऱ्याला जवळ जाण्याची, वारा पाहण्याची, तासन्‌तास न हलता बसण्याची गरज कमी झाली. संस्थानिक आणि साहेब यांच्या मोठमोठ्या शिकारी याच ताकदीवर झाल्या. बुलेट ट्रेनचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून खाडीखालून आपल्या शीळफाट्यापर्यंत आणण्याचं ठरलं. एकवीस किलोमीटरचा हा बोगदा. गाडीचा नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८९ मीटर. हा वेग गोळीचा नव्हे, आजच्या अत्याधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचा आहे. नाव बुलेटचं, वेग तिराचा!

पण त्या अत्याधुनिक धनुष्यानंही हरणाचा कान हरवता आला नाही, हे अमेरिकेत दिसून आलं. तिथे धनुष्याची शिकार पुन्हा सुरू झाली ती एका आदिवासीच्या शिकवणीतून. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा उरलेला शेवटचा माणूस इशी १९११ साली रानातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. १९१६ साली इशी वारला. पोप यांनी १९२३ साली या विषयावर जे पुस्तक लिहिलं, ते तिथल्या धनुर्धरांचा आधारग्रंथ झालं. पोप यांचं निरीक्षण असं, की लांबच्या लक्ष्यावर नेम मारण्यात इशी विशेष नव्हता. पण शिकारीच्या आधी तो तंबाखू सोडी, अंघोळ करी, सशाच्या पिल्लासारखा आवाज काढून प्राण्याला जवळ बोलवी. त्याची विद्या जवळ जाण्याची होती.

आज अमेरिकेत परवाना घेऊन धनुष्यानं हरणांची शिकार चालते. तिथे धनुर्धरांमध्ये सतत वाद असतो तो याच मुद्द्यावर: किती अंतरापर्यंत बाण सोडणं नीतीचं? बाण सेकंदाला ८०-९० मीटर जाऊ लागला, नेम धरायला दुर्बिणीसारखी साधनं आली, तेव्हा काहींना वाटलं की आता साठ-सत्तर मीटरवरून मारायला हरकत नाही. अनुभवी लोक सांगतात की हरकत आहे. सत्तर मीटर जायला त्या वेगवान बाणालाही पाऊण सेकंदाहून जास्त लागतो, आणि तेवढ्यात हरणानं नुसतं एक पाऊल पुढे टाकलं तरी बाण छातीऐवजी पोटात जातो. गंमत म्हणजे या बाबतीत सर्वांत तिखट म्हणून त्यांच्यात जो प्राणी गाजला आहे, तो आपला चितळ. १८६०च्या दशकात चितळं हवाई बेटांवर नेण्यात आली. पुढे ती टेक्सासमध्येही नेली गेली. पिढ्यान्‌पिढ्या वाघ-बिबट्यांच्या धाकात वाढलेली ही जात वाघ नसलेल्या बेटावर गेली, तरी तिचे कान वाघाच्या रानातलेच राहिले.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानंच निकालात निघाला. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. म्हणजे आजा त्या पहाटे बसले तेही कायद्याला धरून नव्हतंच. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन हौसेची शिकार करण्याची वाटही बंद झाली. या कायद्यात मारणं, पकडणं, फास लावणं हे सगळं शिकार आहे, आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

हे योग्यच झालं, असं मला वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांत बंदुकीनं आणि जंगलतोडीनं रानाची जी दशा केली, त्यानंतर दुसरा मार्ग नव्हता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज चितळ आणि सांबर दिसतात ते या संरक्षणामुळेच. पण एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. रान मोकळं करणारे हात वेगळे होते आणि बंदी आली तेव्हा ज्यांच्या ताटातून काही गेलं ते वेगळे होते. कातकऱ्यांची गणना शासन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत करतं. त्यांच्यातले कितीतरी कुटुंबकबिल्यासह वीटभट्ट्यांवर जातात. आपल्या इमारतींच्या विटा त्यांच्या हातच्या. त्यांच्या पणजोबांना हरणाच्या कानाबद्दल काय ठाऊक होतं, हे त्यांना कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात धनुष्य मेलेलं नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अंतिम सामन्यात ओजसनं पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. लक्ष्य पन्नास मीटरवर. या पोरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यांचं लक्ष्य कागदाचं असतं, आणि कागद दोरीचा आवाज ऐकत नाही. बाण सुटल्यावर तो जागचा हलत नाही. म्हणून तिथे अंतर हे केवळ कौशल्याचं माप आहे. प्राण्याच्या बाबतीत तेच अंतर सचोटीचं माप होतं. आपल्याला जमेल का, हा पहिला प्रश्न. नाही जमलं तर त्याची किंमत कोण मोजेल, हा दुसरा. कागदापुढे पहिला प्रश्न पुरतो.

आजांनी ती किंमत पाहिली होती. चिडवाचिडवी चालू असताना एकदा मीच त्यांना विचारलं होतं, की तू कधी भेकर मारलं आहेस का. ते म्हणाले, मारलं आहे. मग थोड्या वेळानं आपणहून सांगितलं, की तरुणपणी एकदा असंच लांबून सोडलं होतं. लागलं, पण पडलं नाही. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत मिळाला, पुढे नाही. "तीन दिसांनी गिधाडांनी दाखवलं," ते म्हणाले. "खाल्लं असतं, तर काय नव्हतं."

त्या दिवशी धनुष्य मांडीवर ठेवून ते परत गेले तेव्हा त्यांच्या घरी काय शिजलं, हे मी विचारलं नाही. ज्याच्या घरी मटण कधीतरीच होतं, त्या माणसानं हातातलं भेकर सोडून दिलं होतं, एवढं मात्र आज कळतं. अशोकाचा दगड संग्रहालयात आहे. दुष्यंताचा उतरवलेला बाण नाटकात आहे. आजांनी उतरवलेल्या बाणाला साक्षीदार मी एकटा होतो, आणि मी खोटी साक्ष दिली.

ती साक्ष ज्यांच्यासमोर दिली त्यांतलं आता कुणी नाही. तेव्हा अधिक माणसं ऐकत असताना ती दुरुस्त करतो. त्या पहाटे आजा घाबरले नव्हते. त्यांचा नेम चुकलाही नव्हता. भेकराचा कान आमच्याकडे होता, अंतर पंचवीस पावलांच्या वर होतं, आणि पुढे काय होईल हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी बाण सोडला नाही.

(नभोवाणी-भाषणावरून संपादित)